व्हॅनिलाचा अर्क व बंधूची सदसद्विवेकबुद्धी

मननासाठी शास्त्रभाग : गणना, अध्याय ६, रोमकरांस पत्र, अध्याय १४, करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ८.

गेल्या नाताळानंतर एका खेड्यातील मंडळीच्या उपदेशकांचे आम्हांस पत्र आले. प्रेमभोजनाच्या दिवशी महिला मंडळातील एका बहिणीने मोठ्या हौसेने चार लिटर दूध आटवून, साखर घालून व गार करून ठेविले होते. व त्यास सुवास यावा म्हणून तालुक्याच्या बाजारातून आणिलेल्या व्हॅनिला इसेन्सचे दोन चमचे त्यात घातले होते. पेले वाटीत असता शाळेत जाणाऱ्या एका मुलाने रिकामी होत आलेली बाटली हाती घेऊन तिजवरील इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचला. त्यात 'अल्कोहोल' हा शब्द आला. तो ऐकताच पंगतीतील एका भावाने तोंडाशी नेलेला पेला खाली ठेविला. हा भाऊ दीड वर्षापूर्वीपर्यंत दारूच्या पूर्ण कह्यात होता. तेव्हा मंडळीतील एक वडील हसून म्हणाले, "एवढ्याशा वासाने तुझी दारू परत येते की काय?" पंगत हसली. तो भाऊ उठून गेला, आणि पुढील दोन रविवार उपासनेस आला नाही. उपदेशकांनी विचारले होते, "पाळकसाहेब, व्हॅनिला घातलेले दूध ख्रिस्ती मनुष्याने प्यावे किंवा नाही, ते कळवावे."

हा प्रश्न पुष्कळ मंडळ्यांत निघत असतो. केक, आइस्क्रीम, बिस्किटे, सुगंधी दूध व शीतपेये ही आता खेड्यापाड्यांतील दुकानांतही मिळतात. यास्तव या विषयाचा आम्ही क्रमाने विचार करणार आहो. प्रथम वस्तू काय आहे ते पाहू, आणि नंतर आपले कर्तव्य काय ते पाहू.

१. व्हॅनिला म्हणजे काय?

व्हॅनिला हा ऑर्किड जातीचा एक वेल होय. याचे मूळ ठिकाण मेक्सिको देश. तो इतर उष्ण देशांत नेऊन लाविला तेव्हा वेल वाढे, फुलेही येत, परंतु शेंग धरीना. इसवी सन १८४१ त रीयुनियन बेटावरील एडमंड आल्बियस नामक बारा वर्षांच्या एका गुलाम मुलाने बारीक काडीने व अंगठ्याने फुलातील पराग योग्य जागी लावून शेंग धरविण्याची सोपी रीत शोधून काढिली. आज मादागास्कर बेटात सर्वांहून अधिक व्हॅनिला पिकतो, व आपल्या देशात केरळ व कर्नाटक येथेही त्याची लागवड आहे. आणि त्या मुलाने दाखविलेल्या रीतीनेच अजून माणसे एकेका फुलाला हात लावून ही शेंग धरवितात.

हिरव्या शेंगेस सुवास नसतो. ती गरम पाण्यातून काढून, उबेत ठेवून, घाम आणून, कित्येक महिने वाळविल्यावर तिच्यात जो सुवास उत्पन्न होतो, त्यातील मुख्य द्रव्यास व्हॅनिलिन म्हणतात. हे द्रव्य १८५८ त शेंगेतून वेगळे काढण्यात आले, आणि १८७४ त जर्मनीतील टीमान व हारमान या रसायनशास्त्रज्ञांनी ते शेंगेवाचून तयार करून दाखविले. आज बाजारातील स्वस्त इसेन्समध्ये बहुधा असे कारखान्यात केलेले व्हॅनिलिनच असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्हॅनिलाचा सुवास म्हणजे दारूचा वास नव्हे. ओक लाकडाच्या पिंपात मुरविलेल्या व्हिस्कीलाही थोडा असा सुवास येतो खरा. परंतु तो लाकडातून उतरलेला असतो. शेंगेत दारू नाही, व व्हॅनिलिन ही दारू नाही.

२. मग बाटलीत मद्यार्क कोठून येतो?

व्हॅनिलिन थंड पाण्यात फार थोडे विरघळते, आणि शेंगेतील इतर सुगंधी द्रव्येही पाण्याने पुरती निघत नाहीत. मद्यार्कात ती सहज उतरतात, व अर्क नासतही नाही. म्हणून शेंगांचे तुकडे पाणी व मद्यार्क यांच्या मिश्रणात भिजवून अर्क काढण्याची चाल पडली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमाप्रमाणे 'व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट' हे नाव ज्यास द्यावयाचे त्यात शेकडा ३५ भागांहून कमी मद्यार्क असता कामा नये, आणि दर लिटरास सुमारे १०० ग्रॅम शेंगा वापरलेल्या असाव्या लागतात. मद्यार्क याहून कमी असेल तर त्यास 'व्हॅनिला फ्लेवरिंग' म्हणावे, असा तेथील भेद आहे.

आपल्या बाजारातील सर्वच बाटल्या अशा नसतात. कित्येकांत मद्यार्काऐवजी पाणी, ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव असतो. व्हॅनिलाची जी कोरडी भुकटी मिळते, तीत व कस्टर्डच्या पुडीत पातळ अर्क नसतो. यास्तव नुसते 'व्हॅनिला' एवढे नाव पाहून कोणताही निर्णय करू नये. बाटलीवरील घटकांची यादी वाचावी अथवा वाचवून घ्यावी. 'अल्कोहोल', 'इथेनॉल' किंवा 'इथाइल अल्कोहोल' यांपैकी कोणताही शब्द आढळला तर तो मद्यार्कच समजावा. हिरवा ठिपका पाहून कोणी निश्चिंत होऊ नये. तो ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. मद्यार्काविषयी तो काहीच सांगत नाही.

३. प्रमाणाचा हिशोब

वर सांगितलेल्या दुधाचाच हिशोब करू. त्या बाटलीवर प्रमाण छापलेले नव्हते. तेव्हा आपण कडक अर्काचे प्रमाण, म्हणजे शेकडा ३५ धरू. चहाचे दोन चमचे म्हणजे १० मिलिलिटर. त्यात मद्यार्क साडेतीन मिलिलिटर. तो चार लिटर दुधात मिसळला. २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे ०.१७५ मिलिलिटर, म्हणजे तीन ते चार थेंब मद्यार्क आला. शेकडा प्रमाण ०.०९ हूनही कमी. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत ज्या पेयात शेकडा अर्ध्या भागाहून अधिक मद्यार्क असतो त्यास मद्य गणितात. हे दूध त्या मर्यादेच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतही पोहोचत नाही. शेकडा ४२.८ प्रमाणाच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या एका पेगात जेवढा मद्यार्क असतो, तेवढा पोटात जाण्यास या दुधाचे सत्तराहून अधिक पेले प्यावे लागतील.

केकचे प्रमाण याहूनही अल्प. एक चमचा अर्क घातलेला केक अर्धा तास भाजला व त्याचे बारा तुकडे केले, तर एका तुकड्यात सुमारे एक थेंब राहतो. भट्टीत सर्व मद्यार्क उडून जातो, ही समजूत मात्र खरी नव्हे. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या कोष्टकाप्रमाणे पदार्थात कालवून भाजलेल्या अथवा शिजविलेल्या मद्यार्कापैकी १५ मिनिटांनंतर शेकडा ४०, अर्ध्या तासानंतर ३५, एका तासानंतर २५, आणि अडीच तासांनंतर ५ भाग शिल्लक राहतात. गार दुधात घातलेला तर बहुतेक तसाच राहतो.

शिवाय, आंबण्याची क्रिया जेथे चालते तेथे मद्यार्काचा अंश उत्पन्न होतोच. पावात, फार पिकलेल्या केळ्यात तो किंचित असतो. पहाटे उतरविलेली नीरा उन्हे चढताच ताडी होऊ लागते, हे आपण सर्व जाणतो. आणि जे बंधू व्हॅनिलाच्या नावाने नाक मुरडतात, पण जेवणानंतर द्राक्षासव किंवा एखादे अरिष्ट रोज घेतात, त्यांनी त्या बाटलीवरील लेबल एकदा वाचावे. आसव-अरिष्टांत आंबण्याने आपोआप झालेला मद्यार्क असतो, आणि त्याचे प्रमाण दुधाच्या पेल्यातील प्रमाणाहून पुष्कळ पटींनी अधिक असते. औषध म्हणून वैद्याच्या सल्ल्याने ते घेण्यात दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु एकाच मापाने सर्वांस मोजावे, एवढेच म्हणणे आहे.

४. बाटली ती बाटलीच

तथापि पेल्यातील दूध निरुपद्रवी म्हणून बाटलीही निरुपद्रवी, असे नाही. शेकडा ३५ प्रमाणाचा अर्क दारूच्या जवळजवळ तोडीचा कडक असतो. लहान मुलाच्या हाती अशी बाटली लागून त्याने ती तोंडास लावली तर त्याच्या जिवास अपाय होऊ शकतो. दारूच्या तृष्णेने व्याकूळ झालेला मनुष्यही अशा बाटलीकडे वळतो.

कायदे करणाऱ्यांसही ही अडचण पडली आहे. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती, तेव्हा स्वयंपाकातील अर्क पिण्यास अयोग्य म्हणून त्यांस मोकळीक होती. लोक जमैका आले नामक आल्याचा कडक अर्क दारू म्हणून पिऊ लागले. १९३० त काही विक्रेत्यांनी सरकारी तपासणी चुकविण्यासाठी त्यात एक विषारी रसायन मिसळले, आणि हजारो गरीब लोकांचे पाय लुळे पडले. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्यावर बलसारा नामक गृहस्थांच्या खटल्यात १९५१ त सर्वोच्च न्यायालयाने औषधे व कोलनवॉटरसारखी प्रसाधने यांजवरील बंदी टिकू शकत नाही असा निर्णय दिला. पुढे १९५२ च्या दुरुस्तीने जे कलम २४-अ घातले, त्यात दारू म्हणून पिण्यास अयोग्य अशा स्वादाचे अर्क, इसेन्स व सरबते यांसही मोकळीक मिळाली. म्हणजे कायद्याने जेवणातील अर्क व पिण्याची दारू यांत भेद केला. परंतु तो भेद 'पिण्यास अयोग्य' या शब्दांवर उभा आहे. व्यसनी मनुष्याची तृष्णा तो शब्द पाळीत नाही.

आणखी एक इशारा तरुणांकरिता. शहरांत व्हॅनिलाच्या स्वादाची व्होडका व तशीच गोड मद्ये विकतात. नावात व वासात व्हॅनिला असला तरी ती पुरती दारूच होय. आम्ही वर केलेला हिशोब त्यांस लागू नाही.

५. आमची चूक

आता आम्ही एक कबुली देतो. उपदेशकांचे पत्र आल्यावर आम्ही वरील दुधाचा हिशोब एका कार्डावर मांडून लगोलग पाठविला, व शेवटी लिहिले, "यात दारू गणावी असे काही नाही, त्या भावाची समजूत घालावी." ते कार्ड सभेत वाचण्यात आले. वडिलांस जय मिळाल्यासारखे वाटले. आणि तो भाऊ तिसऱ्या रविवारीही आला नाही.

मग आम्ही स्वतः त्याच्या घरी गेलो. त्याने आम्हांस बसावयास घोंगडे दिले, व आतून गोळ्यांची एक पुडी आणून दाखविली. व्यसनमुक्तीच्या दवाखान्यातून मिळालेली डायसल्फिराम नावाची ती गोळी होती. या औषधाचा दारू सोडविण्याच्या कामी उपयोग होतो, हे डेन्मार्कमधील हाल्ड व याकोबसेन या संशोधकांनी १९४८ त प्रसिद्ध केले. पोटात गेलेल्या मद्यार्काचे यकृतात प्रथम एक विषारी द्रव्य बनते, व लागलीच त्याचे निरुपद्रवी द्रव्यात रूपांतर होते. ही गोळी ते दुसरे रूपांतर अडविते. त्यामुळे गोळी घेणाऱ्याने मद्यार्क घेतला तर तोंड लालबुंद होते, डोके ठणकते, ओकारी येते, छातीत धडधड होते; आणि मद्यार्क अधिक गेला तर जिवावरही बेतते. शेवटची गोळी घेतल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. म्हणून डॉक्टर अशा रोग्यास खोकल्याची औषधे, टॉनिके व स्वादाचे अर्क यांतील मद्यार्कही टाळावयास सांगतात. (हे औषध रोग्यास न कळविता त्याच्या जेवणात कालविणे फार धोक्याचे आहे. काही घरांत प्रेमापोटी असे करितात. ते कदापि करू नये.)

तीन थेंबांनी त्यास काही झाले असते काय? बहुधा नाही. परंतु दुधात दोन चमचे घातले की अर्धी बाटली, हे पंगतीत बसलेल्या त्या भावास ठाऊक नव्हते. जेथे 'अल्कोहोल' लिहिलेले असेल तेथे थांबावे, एवढेच डॉक्टरांनी त्यास सांगितले होते, आणि तो थांबला. यात हसण्यासारखे काय होते?

निघताना तो म्हणाला, "पाळकसाहेब, तुमचा हिशोब खरा. पण माझ्या घरातली भांडी मी एकेक करून विकली, तो हिशोब त्या कार्डावर नव्हता." यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. आम्ही त्याची क्षमा मागितली, आणि त्याच्या खोपटात गुडघे टेकून दोघांनी प्रार्थना केली.

६. शास्त्राची शिकवण

गणनेच्या सहाव्या अध्यायात नाजीराच्या व्रताचे वर्णन आहे. त्याने द्राक्षारस व मद्य तर वर्ज्य करावेच, परंतु द्राक्षांचा रस, ताजी वा सुकी द्राक्षे, त्यांच्या बिया व सालीसुद्धा खाऊ नयेत असा नियम होता. द्राक्षाच्या सालीत मद्य कोठे आहे, असा प्रश्न त्यास कोणी विचारू शकला असता. पण व्रत घेणाऱ्याने कुंपण दूरवर घालावे, हे देवास मान्य होते. त्याचबरोबर हेही पाहावे की, नाजीराने शेजाऱ्याच्या ताटातील मनुका काढून घ्याव्या असे तेथे लिहिलेले नाही. व्रत त्याचे होते.

हीच गोष्ट पौल प्रेषित रोमकरांच्या मंडळीस शिकवितो. खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ लेखू नये, व न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. आमच्या त्या मंडळीत पहिला दोष घडला. इतर कित्येक मंडळ्यांत दुसरा घडतो. कोणी केकचा तुकडा खाल्ला म्हणून त्याच्या विश्वासाविषयी शंका घेतात. आणि करिंथकरांस लिहिताना तोच प्रेषित एक पाऊल पुढे जातो. ज्यास खरे ज्ञान आहे, त्याने त्या ज्ञानाने दुर्बळ बंधू उभा राहतो की पडतो, हे पाहावे, असे तो म्हणतो. आमच्या कार्डावर ज्ञान होते. ज्या बंधूसाठी ख्रिस्त मरण पावला, त्याची आठवण त्यावर नव्हती.

पंगतीची मांडणी दुर्बळाकडे पाहून करावी, याचे एक उदाहरण प्रभुभोजनाच्या मेजावरचेच आहे. १८६९ त अमेरिकेतील व्हाइनलँड गावचे मेथॉडिस्ट दंतवैद्य टॉमस वेल्च यांनी द्राक्षांचा रस बाटलीत भरून, तापवून, न आंबता टिकविण्याची रीत सिद्ध केली. हेतू हा की प्रभुभोजनात न आंबलेला रस वापरता यावा. दारू सोडून आलेल्या मनुष्यास प्रभूच्या मेजापाशी भीती वाटू नये, हे ज्या मंडळीस कळते, तिला प्रेमभोजनाचे दूध कसे करावे हे सांगावे लागू नये.

७. निर्णय

तर मूळ प्रश्नाचे आमचे उत्तर असे :

(अ) व्हॅनिला घातलेले दूध, केक किंवा आइस्क्रीम म्हणजे दारू नव्हे. ते खाण्यापिण्याने पाप घडत नाही. कोणी कोणास यावरून दोष लावू नये.

(आ) ज्याने दारू सोडिली आहे त्याने मद्यार्काचा अंशही वर्ज्य केला, तर त्याचा मान ठेवावा. कारण विचारून त्यास लाजवू नये. जो डायसल्फिरामची गोळी घेतो त्याने कोणतीही बाटली डॉक्टरांस दाखवूनच निर्णय करावा. बाटलीत मद्यार्काऐवजी दुसरा द्रव असला तरीही विचारावे.

(इ) मंडळीच्या सामाईक पंगतीत मद्यार्क असलेला अर्क वापरूच नये. आपल्या वेलदोड्याचा, जायफळाचा व केशराचा सुवास काही कमी नाही. एका बंधूच्या मनःशांतीकरिता एक बाटली सोडणे हे फार मोठे दान नव्हे.

(ई) अर्काची बाटली घरात असल्यास लहान मुलांच्या व व्यसनाशी झगडणाऱ्या मनुष्याच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

वाचकांस कळविण्यास संतोष वाटतो की, ते वडील पुढे आपण होऊन त्या भावाच्या घरी गेले. काय बोलणे झाले ते आम्हांस ठाऊक नाही. पुनरुत्थानाच्या सणास त्याच बहिणीने दूध केले, ते वेलदोडे घालून. पातेल्यावरील झाकण काढण्यापूर्वी तिने त्या भावास चुलीपाशी बोलाविले, आणि दुधात काय काय घातले ते एकेक नाव घेऊन सांगितले. पहिला पेला त्याने घेतला.

उपदेशकांनी वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. व्हॅनिलाच्या अर्कात मद्यार्क का घालितात? सर्व बाटल्यांत तो असतो काय?
२. एका पेल्यात किती थेंब मद्यार्क आला, याचा हिशोब फळ्यावर करून दाखवा.
३. हिरव्या ठिपक्यावरून काय कळते व काय कळत नाही?
४. नाजीराचे व्रत कोणासाठी होते? त्यावरून न खाणाऱ्याने काय शिकावे, व खाणाऱ्याने काय शिकावे?
५. लेखकाच्या कार्डातील हिशोब खरा असूनही कार्ड का चुकले?
६. आपल्या मंडळीत दारू सोडून आलेले कोणी आहेत काय? त्यांची नावे वर्गात न घेता, येत्या सणाच्या पंगतीत त्यांच्यासाठी काय बदलावे याचा विचार करा, आणि मौन प्रार्थनेने वर्ग समाप्त करा.